लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असे. मुलाला कोणत्या शाखेला घालावे, वसतिगृहाचा अर्ज कुठे मिळतो, जातीच्या दाखल्याला कोणकोणते कागद जोडावे लागतात. ती पत्रे आजही येतात. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. तो प्रश्न बहुधा आईच विचारते, कारण घरात पैसा किती आहे आणि तो कुठे ठेवला आहे, हे तिलाच ठाऊक असते.

अशाच एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. यजमान सिक्युरिटीच्या नोकरीत, बाई घरी शिवणकाम करतात. जुन्या कंपनीचा अडकलेला फंड नुकताच हाती आला आहे. मुलगा बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी अकरावी कॉमर्सला. मुलाने गेमिंग लॅपटॉप मागितला आहे. त्याचे म्हणणे, अभ्यासही होईल, फावल्या वेळी गेमही होईल. यजमानांचे म्हणणे, गेमसाठी एक पैसा मिळणार नाही. मुलगी काहीच मागत नाही, पण ती मोबाइलवर नोट्स वाचते तेव्हा सारखे डोळे चोळते, असे बाईंनी पत्राच्या अगदी शेवटी, समासात लिहिले आहे. आमचे लक्ष त्या समासाकडे अधिक गेले.

आधी गेमचे बोलू, कारण बऱ्याच घरांत भांडण तिथेच सुरू होते. आमच्या पिढीला गेम म्हटले की पोरगा वाया गेला असे वाटते. वस्तीत काही घरे मोबाइलवरच्या रमीने आणि पैसे लावायच्या खेळांनी खरोखर धुळीला मिळाली, म्हणून ही भीती पोकळ नव्हे. परंतु ते खेळ वेगळे आणि मुलगा म्हणतो तो खेळ वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळाला, वेगळे स्थान दिले आहे. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळांना पदकेही ठेवली होती. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए फाइव्ह ही नावे घरी कानावर पडत असतील तर ते जुगाराचे खेळ नव्हेत, एवढे आईबापांनी समजून घ्यावे. त्यांतही बंदूक बदलली, कपडे बदलले की पैसे मागणारी दुकाने असतात. तेव्हा आपल्या बँकेचे कार्ड किंवा यूपीआय त्या खात्याला जोडू देऊ नये. आमच्या लहानपणी वस्तीत कॅरमवरही बोलणी खावी लागत. तरुण मुलाला खेळावेसे वाटणे हा गुन्हा नाही.

आणखी एक गोष्ट यजमानांना सांगावीशी वाटते. गेमसाठी जे यंत्र लागते तेच पुष्कळ कामांना लागते. चौदा एप्रिलला चौकाचौकात लागणारे बॅनर कुणी बनवले ते विचारा. आपल्यातीलच मुले आहेत. भीमगीतांचे व्हिडिओ जुळवून यूट्यूबवर टाकणारी मुले आहेत, लग्नाचे शूटिंग कापून-जोडून देणारी आहेत. या कामाला ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मेमरी लागते, आणि गेमलाही नेमके तेच लागते. डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ जुळवण्याचे सॉफ्टवेअर त्याच्या साध्या आवृत्तीत फुकट मिळते, ब्लेंडर तर पूर्णच फुकट आहे. तेव्हा मुलगा गेमचे यंत्र मागत असेल तर त्याला एवढेच विचारावे की, बाबा, यावर दुसरे काय करणार? त्याच्याकडे उत्तर असेल तर पुढे बोलावे.

आता मूळ प्रश्न. आम्ही काही इंजिनिअर नव्हे, आम्ही पडलो कारकून. पण ऑफिसात संगणक आल्यापासून आम्ही त्यावर हिशेब करीत आलो आणि विहाराच्या अभ्यासिकेत मुलांसाठी यंत्रे बसवताना पुष्कळ दुकाने हिंडलो. त्यातून जे कळले ते सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. दुकानदार लॅपटॉप दाखवतो आणि सांगतो, यात आरटीएक्स ३०५० कार्ड आहे. मुलाने मित्राच्या डेस्कटॉपवर हेच नाव पाहिलेले असते. त्याला वाटते, वस्तू तीच. ती तीच नसते. एनव्हिडिया कंपनीचे डेस्कटॉपचे मूळ ३०५० कार्ड ८ जीबी मेमरीचे, २५६० कोअरचे आणि १३० वॅट वीज खाणारे होते. लॅपटॉपमध्ये त्याच नावाने आले त्याला २०४८ कोअर आणि ४ जीबी मेमरी होती, आणि वीज किती मिळेल ते लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर, ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत. पुढे दोन्हीकडे ६ जीबीचे प्रकारही निघाले, त्यामुळे गोंधळ वाढलाच. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी एक चपळ आणि एक रडका निघू शकतो. वरच्या वर्गातही हाच प्रकार. डेस्कटॉपचे आरटीएक्स ४०७० हे १२ जीबीचे आणि लॅपटॉपचे ४०७० हे ८ जीबीचे, आतली चिपसुद्धा निराळी. कंपनीने यात काही खोटे लिहिलेले नसते, बारीक अक्षरांत सगळे छापलेले असते. पण रिक्षा चालवून, धुणीभांडी करून पैसे जमवणाऱ्या माणसाने बारीक अक्षरे कधी वाचावीत? म्हणून लॅपटॉप घ्यायचाच झाला तर दुकानदाराला कार्डाचे नाव विचारून थांबू नये. कार्डाची मेमरी किती आणि त्याला वॅट किती मिळतात, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देता आले नाही तर दुकान बदलावे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गेम चालू असताना यंत्र तापते. डेस्कटॉपच्या डब्यात मोठा पंखा असतो, हवा खेळायला जागा असते. लॅपटॉप म्हणजे पाटीएवढी जागा, त्यात दोन चिमुकले पंखे. तो तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. एसीच्या खोलीत हे फारसे जाणवत नाही. पण आपल्या किती घरांवर पत्रा आहे? मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही तिथे लॅपटॉपने काय करावे? त्यात मुले तो गादीवर, उशीवर ठेवून खेळतात, म्हणजे हवा यायची भोकेही बंद. ज्या कामासाठी जास्त पैसे मोजले तेच काम तो अर्ध्या ताकदीने करतो.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि आमच्या मते ही सर्वांत मोठी. आमच्या अभ्यासिकेत तीन डेस्कटॉप आहेत. एका ऑफिसने काढून टाकलेल्या मालातून ते आले. इतक्या वर्षांत त्यांचे काय काय झाले? एकाचा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, गेला. दुकानातून दुसरा आणला, स्क्रू काढले, बसवला, संध्याकाळी यंत्र चालू. दोन कीबोर्ड मुलांनी संपवले, त्यांना काही किंमत नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तेव्हा तर यंत्र नवे झाल्यासारखे पळू लागले. हे काम वस्तीतील बारावी झालेल्या मुलाने केले, कुणी इंजिनिअर आणला नाही. याच अभ्यासिकेला एका सद्गृहस्थांनी लॅपटॉप दान दिला होता. वर्षभरात त्याची बिजागरी मोडली, मग बॅटरी फुगली. कीबोर्डवर एकदा चहा सांडला तो थेट मदरबोर्डापर्यंत गेला. आज तो कपाटात आहे.

बॅटरी फुगल्याचे निघाले म्हणून सांगून ठेवतो. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसू लागला, किंवा झाकण नीट बसेना झाले, तर आतली बॅटरी फुगली असे समजावे. त्यावर दाब देऊ नये, चार्जिंगला लावू नये, टोचून पाहण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. लिथियमची बॅटरी पेट घेते. ती जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. आपले सफाई कामगार बांधवच तो डबा उचलतात.

पातळ लॅपटॉपांत आता मेमरी बहुधा मदरबोर्डालाच झाळून बसवलेली असते. आज ८ जीबी घेतली आणि दोन वर्षांनी कमी पडली तर वाढवता येत नाही. डेस्कटॉपमध्ये दुसरी पट्टी खोचली की झाले. ग्राफिक्स कार्डाचेही तेच. लॅपटॉपचे कार्ड जन्माला आले तसेच मरते. डेस्कटॉपमध्ये आज कार्ड न घेता काम सुरू करता येते आणि मुलाने स्वतः कमावले की त्याच्या पैशाने कार्ड घेता येते. गरिबाच्या संसारात वस्तू अशीच घ्यावी लागते, टप्प्याटप्प्याने. आपण घरसुद्धा तसेच बांधतो, आधी पत्रा, मग भिंत, मग लादी.

आता त्या समासातल्या मुलीकडे येतो.

लॅपटॉप हा एकाचा होतो. कागदावर तो घराचा असतो, पण सकाळी तो मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत बसून कॉलेजला जातो आणि रात्री त्याच्याच उशाशी झोपतो. त्याला पासवर्ड असतो आणि तो एकालाच माहीत असतो. बहिणीने मागितला तर आत्ता नको, माझे काम चालू आहे. बापही म्हणतो, जाऊ दे, त्याचे कॉलेज आहे. ही कुण्या एका घराची गोष्ट नाही, आम्ही पाहिलेल्या पुष्कळ घरांची आहे. मुलगा वाईट नसतो. वस्तूच अशी आहे की ती हातात घेणाऱ्याची होते. डेस्कटॉप मात्र भिंतीला लागून असतो. मुलगा कॉलेजला गेला की तो घरीच राहतो, आणि मुलगी कॉलेजातून आली की तिच्यासमोर मोकळा असतो. आईलाही त्यावर शिवणाचे नमुने पाहता येतात. एका माउलीने तर आम्हाला आणखी एक कारण सांगितले. घरातल्या माणसाला दारूचे व्यसन असेल तर लॅपटॉप पिशवीतून सावकाराकडे जातो, डेस्कटॉप जात नाही. आम्ही हसलो नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

त्या मुलीने कॉमर्स घेतले आहे, म्हणून तिच्यापुरते आणखी एक. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचे प्रमाणपत्र मागतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा त्यासाठी असते. ही बोटांची विद्या आहे, रोज अर्धा तास बसले तरच येते. मोठा कीबोर्ड, ताठ खुर्ची आणि डोळ्यांच्या रेषेत पडदा, हे तिचे साहित्य. लॅपटॉपवर मान खाली घालून चार तास बसणाऱ्या मुलांच्या माना विशीतच दुखू लागतात. टॅलीचे काम करायचे तर उजवीकडचे आकड्यांचे बटण-पॅड हवेच, आणि १४ इंची लॅपटॉपला ते सहसा नसते. आमची सारी कारकुनी त्या सतरा बटणांवर झाली आहे, म्हणून हे जरा आग्रहाने सांगतो.

एका खोलीत दोन मुले आणि एक यंत्र म्हणजे भांडण, असे कुणी म्हणेल. होणारच. त्यावर वेळापत्रकाखेरीज उपाय नाही. बाबासाहेब शाळेत असताना परळच्या चाळीतल्या एका खोलीत कुटुंब राहत होते. सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्या जागी आपण झोपत. जागा एकच होती, तिच्या वेळा दोन केल्या. आपल्या घरात यंत्राच्या बाबतीत तेच करता येईल. संध्याकाळी सहा ते नऊ मुलीचे, नऊनंतर मुलाचे, आणि रविवारी दुपारी गेम. हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवावे आणि खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. रात्रीच्या गेमला हेडफोनची अट घालावी. बंदुकांचा आवाज ऐकत पहाटेच्या पाळीला जाणारा बाप झोपणार कसा?

मग लॅपटॉप कुणी घ्यावा? ज्याचे पाय एका ठिकाणी नाहीत त्याने. मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात राहणार असेल, पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला जाणार असेल, तर लॅपटॉपच घ्यावा, त्यात वादच नाही. दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलणाऱ्यांनीही विचार करावा. गावाकडे जिथे वीज दिवसातून तीनदा जाते तिथे लॅपटॉपची बॅटरी उपयोगी पडते, साध्या कामाला चार-पाच तास सहज निघतात. गेमला मात्र ती तासभर पुरली तरी खूप, आणि गेमिंग लॅपटॉप चार्जरशिवाय पूर्ण वेगाने चालतही नाही. ज्या वस्तीत पावसाचे पाणी घरात शिरते त्यांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईच्या सखल वस्त्यांतून माणसे जेवढे हातात मावले तेवढेच घेऊन माळ्यावर चढली होती. अशा घरात डेस्कटॉप घेतला तर त्याचा डबा जमिनीवर ठेवूच नये, उंच फळीवर ठेवावा. उंदरांपासून वायरी जपाव्यात, तेही त्यातच आले.

वसतिगृहातील मुलांना एक सूचना. केंद्र सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. आयआयटी, एनआयटीसारख्या यादीतल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना ती मिळते आणि तिच्या भत्त्यात लॅपटॉपचा खर्च धरलेला आहे. ज्यांची मुले अशा संस्थांत गेली आहेत त्यांनी संस्थेच्या कार्यालयात चौकशी केल्याशिवाय पदरचा पैसा घालू नये. राज्याच्या स्वाधार योजनेचे पैसे हे मात्र राहण्या-जेवण्याचे आहेत. त्यातून गेमिंग लॅपटॉपचा हप्ता भरून वडापाववर दिवस काढणारी मुले आम्ही पाहिली आहेत. असे करू नये.

विजेचा हिशेब पुष्कळजण विचारतात. तो सोपा आहे. १०० वॅटची वस्तू १० तास चालली की एक युनिट. साधा लॅपटॉप ५० वॅट धरा, डेस्कटॉप पडद्यासह १०० वॅट धरा. रोज पाच तास चालवला तर महिन्याला लॅपटॉपचे साडेसात युनिट, डेस्कटॉपचे पंधरा. घरमालक युनिटला दहा रुपये लावत असेल तर फरक पंचाहत्तर रुपयांचा. यापलीकडे तो जातो तो गेममुळे, आणि गेम लॅपटॉपवर खेळला तरी वीज खातोच. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो आणि पुढे तो चढतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. डेस्कटॉपला एक छोटा यूपीएस लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या कामात दहा-पंधरा मिनिटे देतो, म्हणजे काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरते. त्यावर गेम पूर्ण करू म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

जुना माल घेण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले बरेच लोक लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन तोच घेतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप मजबूत असतात. पण यंदा एक अडचण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय यंत्रात लागते, आणि इंटेलची चिप असेल तर ती साधारण आठव्या पिढीची किंवा त्यापुढची लागते. पिढी कशी ओळखावी? आय५-४५७० असे लिहिले असेल तर सुरुवातीचा ४ म्हणजे चौथी पिढी. आय५-८५०० म्हणजे आठवी. आय५-१२४०० म्हणजे बारावी. विंडोज १० बंद झाल्यावर ऑफिसांनी चौथ्या-सहाव्या पिढीची यंत्रे ढिगाने काढली आणि ती ‘आय५ आहे, एकदम फास्ट’ म्हणून विकली जातात. आय५ हे कुळाचे नाव झाले, वय त्यापुढच्या आकड्यात असते. अशा यंत्रावर लिनक्स टाकून लिबरऑफिसवर लिहिणे, हिशेब करणे, इंटरनेट पाहणे उत्तम होते, आणि दोन्ही फुकट आहेत. आमच्या अभ्यासिकेत आम्ही तेच केले. परंतु व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. विंडोज ११ वर तो खेळायचा तर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. म्हणजे ज्या मुलाला तोच खेळ हवा आहे त्याला जुने यंत्र आणून दिले तर पैसेही गेले आणि रुसवाही राहिला.

जुना लॅपटॉप शक्यतो घेऊ नये. त्यात जे झिजते ते, म्हणजे बॅटरी, बिजागरी आणि पडदा, सगळे महाग आणि बाहेरून न दिसणारे.

आता हप्त्यांविषयी. दुकानात पाटी असते, बिनव्याजी हप्ते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. मग व्याज जाते कुठे? समजा लॅपटॉपची किंमत ७२ हजार सांगितली, महिन्याला सहा हजारांचे बारा हप्ते. हाच लॅपटॉप रोखीने मागितला तर दुकानदार ६८ हजारांना देतो. ते चार हजार म्हणजे तुमचे व्याज, फक्त त्याचे नाव झाकले आहे. वर प्रोसेसिंगचा खर्च निराळा. एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि बँकेच्या नोंदी खराब होतात, मग पुढे मुलीच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलात की तीच नोंद आडवी येते. या भगिनींकडे फंडाची रोख रक्कम आहे. तेव्हा त्यांनी रोखीचा भाव आधी विचारावा आणि हप्त्याचा नंतर. उलट क्रमाने विचारले तर रोखीची सवलत तोंडातून निघत नाही. आणि फंड आला म्हणून सगळा एका वस्तूत घालू नये, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

एवढे सगळे पाहता त्या घरी डेस्कटॉप यावा, असे आमचे मत आहे. सुरुवातीला वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. एएमडीच्या रायझन मालिकेत ज्या चिपच्या नावाशेवटी ‘जी’ अक्षर असते, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी, तिच्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असते. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्हसारखे खेळ तिच्यावर कमी सेटिंगला चालतात. इंटेलच्या चिपच्या शेवटी ‘एफ’ असेल तर मात्र तिच्यात ग्राफिक्स मुळीच नसते, वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. स्वस्त दिसते म्हणून दुकानदार तीच गळ्यात मारतो. मेमरी १६ जीबी घ्यावी आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण आतले ग्राफिक्स याच मेमरीवर जगते आणि दोन पट्ट्यांत तिचा वेग वाढतो. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस बरेच चढले. तेव्हा तेवढे पैसे नसतील तर आठची एक पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवावी. साठवणीला ५०० जीबीची एसएसडी पुरे. काटकसर कुठेही करावी, एसएमपीएसमध्ये करू नये. नाव नसलेला, हातात घेतला तर हलका लागणारा डबा डब्यासोबत फुकट देतात, आणि तो जाताना एकटा जात नाही, शेजाऱ्यालाही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घेतला की पुढे मुलाने कार्ड घेतले तरी तो पुरेल.

किंमत विचारताना पडदा, कीबोर्ड, माउस, यूपीएस, स्पीकर किंवा हेडफोन आणि वायफायची सोय हे सगळे धरून विचारावी. डेस्कटॉप स्वस्त म्हणून घेतला आणि घरी आल्यावर वायफाय नाही असे कळले, हे नेहमी घडते. पुष्कळ मदरबोर्डांत ते नसते, त्यासाठी यूएसबीचा छोटा तुकडा लागतो. मुलाला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा असेल तर पेनड्राइव्ह आहे, गुगल ड्राइव्ह आहे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये यंत्रे आहेत. त्यांची फी आपण भरलेली असते, ती वापरावीत.

खरेदीला मुलीलाही सोबत न्यावे. दुकानात सर्व सुटे भाग तिच्यासमोर जोडून घ्यावेत, म्हणजे पुढे उघडायची वेळ आली तर घाबरायला होणार नाही. बिल पक्के घ्यावे. १८ टक्के जीएसटी वाचवतो म्हणून कच्चे बिल देणारे भेटतात, पण त्या बिलावर वॉरंटी मागायला गेलात तर कुणी ओळख दाखवत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. चिप, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, एसएमपीएस आणि पडदा यांची वॉरंटी वेगवेगळ्या कंपन्यांकडे आणि वेगवेगळ्या मुदतीची असते, कुठे तीन वर्षे, कुठे पाच. खोकी फेकू नयेत, निदान वर्षभर माळ्यावर ठेवावीत. बिलाचा छाप काही महिन्यांत उडून जातो, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी.